माजी प्रचालक (विकिपीडिया)

विकिपीडियावर पूर्वी प्रचालकपद सांभाळलेल्या, परंतु आता ते अधिकार नसलेल्या स्वयंसेवी सदस्यास माजी प्रचालक म्हणतात. पाने वगळणे, ती सुरक्षित करणे, उपद्रवी सदस्यांना प्रतिबंध करणे ही प्रचालकाची विनावेतन कामे होत. इंग्रजी विकिपीडियावर या पदाचे चिन्ह लादी पुसण्याचा पोछा आहे, आणि ते समर्पकच म्हणावे लागेल.

तेथे २०११ पासून, वर्षभर एकही संपादन वा प्रचालकीय कृती न करणाऱ्याचे अधिकार पूर्वसूचना देऊन काढले जातात. हा ठपका नव्हे. वापरात नसलेले खाते चोरीस गेल्यास होणारी हानी टाळण्याची ती खबरदारी आहे. निवृत्तांना मानद पद दिले जात नाही. त्यांचे नाव मात्र माजी प्रचालकांच्या यादीत पद सोडल्याच्या कारणासह राहते. ही कारणाची नोंद महत्त्वाची ठरते. स्वेच्छेने किंवा निष्क्रियतेमुळे पायउतार झालेल्यास, अनुपस्थिती फार लांबली नसेल तर, केवळ विनंतीवरून अधिकार परत मिळू शकतात. आक्षेपांच्या सावटाखाली पद सोडणाऱ्यास पुन्हा समुदायाचा कौल घ्यावा लागतो. खरा सन्मान म्हणायचा तो या भेदातच.

वैयक्तिक कृतज्ञतेसाठी २००३ पासून ‘बार्नस्टार’ हे ताऱ्याचे चित्र प्रचलित आहे. कोणीही सदस्य ते दुसऱ्याच्या चर्चापानावर ठेवू शकतो. दिवंगत सदस्यांसाठी स्वतंत्र स्मृतिपान असून त्यांचे सदस्यपान सामान्यतः बदलांपासून सुरक्षित केले जाते.