अठ्ठेचाळीस मतांचा निकाल
(अल मजाज, शारजा येथील भाषणाचे शब्दांकन)



मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाची मतमोजणी ४ जून २०२४ रोजी गोरेगावच्या नेस्को संकुलात झाली. केवळ यंत्रांवरील मते पाहिली तर अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांत मात्र रवींद्र वायकर यांना ४९ मते अधिक पडली. अंतिम आकडे ४,५२,६४४ आणि ४,५२,५९६; अंतर ४८. एवढी माणसे आपल्याकडे एका मलिद्याला जमतात.

बाद ठरलेल्या टपाली मतपत्रिका १११ होत्या. टपाली मतासोबत मतदाराचे घोषणापत्र जोडावे लागते. त्यावर सही किंवा साक्षांकन नसेल तर आतला लिफाफा उघडलाच जात नाही. ते मत कोणाला होते हे कधीच कळत नाही. वृद्ध मतदाराच्या बाबतीत हा नियम मला कठोर वाटतो. तरीही तो मोजणीपूर्वी ठरलेला होता आणि दोन्ही पक्षांना सारखाच लागू होता. विजयाचे अंतर बाद टपाली मतांहून कमी असल्यास ती सारी पुन्हा तपासावीत, असा निवडणूक आयोगाचा आदेश आहे. त्याप्रमाणे तपासणी झाली. निकाल बदलला नाही.

शस्त्रक्रियेत जखम शिवण्यापूर्वी दोघीजणी मिळून गॉजचे तुकडे मोजतात. शंका त्याच वेळी बोलून दाखवायची असते. १९६१ च्या निवडणूक नियमांतील ६३ वा नियम असाच आहे. निर्णय अधिकाऱ्याने बेरीज वाचून दाखविल्यानंतर आणि निकाल घोषित होण्यापूर्वी उमेदवाराने कारणांसह लेखी फेरमोजणी मागावी. त्यानंतर वाट उरते ती न्यायालयाची, आणि तेथे नुसती शंका पुरत नाही. कीर्तिकरांची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली.

मला अधिक खटकणारी उणीव मोजणीच्या दालनाबाहेरची आहे. सैनिकाला टपाली मत देता येते. परदेशी राहणाऱ्या सामान्य भारतीय नागरिकाला नाही. २०११ पासून आपले नाव मूळ पत्त्यावरील यादीत घालता येते, परंतु मत देण्यासाठी त्या केंद्रावर स्वतः उभे राहावे लागते. एका दिवसाच्या मतदानासाठी रजा आणि विमानभाडे किती जणांना परवडते? ज्यांना नोंदणी करावयाची आहे त्यांनी प्रपत्र ६अ भरावे. सोबत पारपत्राची प्रत लागते.