सेंट लुइसचे जुने न्यायालय

सेंट लुइसचे जुने न्यायालय ही अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील सेंट लुइस शहरात, मिसिसिपी नदीच्या पश्चिम तीराजवळ असलेली एकोणिसाव्या शतकातील इमारत आहे. ती मुळात सेंट लुइस काउंटीचे न्यायालय म्हणून बांधली गेली. काउंटी हा राज्याखालील प्रशासकीय विभाग असून त्याची आपल्याकडील जिल्ह्याशी ढोबळ तुलना करता येईल. ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लावलेला दावा प्रथम येथेच चालला.

बांधकाम

ऑगस्ट शूतो आणि जॉन बी. सी. लुकास या जमीनदारांनी १८१६ मध्ये ही जागा काउंटीला दान केली. तिचा उपयोग कायम न्यायालयासाठीच व्हावा, अशी अट त्यांनी घातली होती. या अटीने पुढे शंभराहून अधिक वर्षांनी वाद निर्माण केला. जोसेफ लाव्हील व मॉर्टन यांनी बांधलेली पहिली विटांची इमारत १८२८ मध्ये पूर्ण झाली. परंतु शहर इतक्या वेगाने वाढत होते की दहा-अकरा वर्षांतच ती अपुरी पडू लागली. १८३९ मध्ये हेन्री सिंगलटन यांच्या आराखड्यानुसार नवे काम सुरू झाले. मध्यभागी गोल दालन, त्यावर घुमट आणि चार दिशांना चार बाजू अशी ही योजना होती. जुनी इमारत न पाडता तीच पूर्वेकडील बाजू म्हणून नव्या रचनेत सामावून घेतली गेली. १८५१ नंतर रॉबर्ट मिचेल यांनी ती पाडून नवी पूर्व बाजू उभारली.

आज दिसणारा घुमट विल्यम रम्बोल्ड यांचा आहे. व्हॅटिकनमधील सेंट पीटर्स चर्चच्या घुमटावर बेतलेल्या या लोखंडी घुमटाचे काम १८६१ मध्ये, म्हणजे यादवी युद्धाच्या पहिल्याच वर्षी सुरू झाले. वॉशिंग्टनच्या संसदभवनाचा लोखंडी घुमटही त्याच काळात उभा राहत होता. आतील भित्तिचित्रे कार्ल वायमार यांनी रंगवली. सेंट लुइसची स्थापना हा त्यांतील एक विषय आहे. १८८० मध्ये एत्तोरे मिरागोली यांनी त्यांतील काही चित्रांवर स्वतःची चित्रे रंगवली.

ड्रेड स्कॉट खटला

ड्रेड स्कॉट आणि त्यांची पत्नी हॅरिएट यांनी १८४६ मध्ये दावे दाखल केले. गुलामगिरीला बंदी असलेल्या प्रदेशात आपण राहिलो असल्याने स्वतंत्र आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. १८४७ मध्ये ऐकीव पुराव्याच्या तांत्रिक मुद्द्यावर ते हरले. १८५० च्या फेरसुनावणीत मात्र ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५२ मध्ये तो फिरवला. १८५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही स्कॉट यांच्या विरोधात निकाल दिला. त्याच वर्षी मे महिन्यात नव्या मालकाने स्कॉट कुटुंबाला मुक्त केले.

ज्या दालनात या सुनावण्या झाल्या, ते आज अस्तित्वात नाही. १८५५ पासून पश्चिम बाजूची फेररचना झाली, तेव्हा वरच्या मजल्याला आधार मिळावा म्हणून त्या दालनाच्या मधून मार्गिका काढून त्याचे दोन भाग करण्यात आले. खटल्याचे महत्त्व देशाला कळण्याआधीच त्याची जागा नाहीशी झाली होती. याच इमारतीच्या पायऱ्यांवर मृतांच्या मालमत्तेच्या वाटपासाठी गुलामांचे लिलावही होत असत, हे विसरून चालणार नाही. स्त्रियांच्या मताधिकारासाठी व्हर्जिनिया मायनर यांनी लढवलेला दावाही १८७० च्या दशकात येथे चालला.

वापरातील बदल आणि जीर्णोद्धार

सेंट लुइस शहर १८७७ मध्ये काउंटीपासून वेगळे झाले. काउंटीचे मुख्यालय क्लेटन येथे गेले आणि काउंटीसाठी बांधलेली वास्तू शहराकडे राहिली. १९३० मध्ये न्यायालये नव्या इमारतीत हलवण्यात आली. तेव्हा दात्यांच्या वंशजांनी, मूळ अट मोडली असे सांगून, जागा परत मिळवण्यासाठी न्यायालयातच धाव घेतली.

१९३५ मध्ये नदीकाठी राष्ट्रीय स्मारक करण्याचे ठरले. त्यासाठी परिसरातील सुमारे ४० चौकांतील इमारती पाडण्यात आल्या; ही इमारत मात्र वाचली. १९४० मध्ये ती राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आली, १९४१ मध्ये छप्पर बदलण्यात आले आणि १९५५ व १९८५ मध्ये आणखी दुरुस्त्या झाल्या. पूर्वेला १९६५ मध्ये पूर्ण झालेली गेटवे आर्च ही पोलादी कमान या घुमटाच्या अगदी सरळ रेषेत उभी आहे.

ड्रेड व हॅरिएट स्कॉट यांचा पुतळा २०१२ मध्ये प्रांगणात बसवण्यात आला. त्यानंतरच्या मोठ्या नूतनीकरणात उद्वाहन, अग्निशमन व्यवस्था आणि नवी प्रदर्शन-दालने यांची भर पडली. मे २०२५ मध्ये इमारत पुन्हा लोकांसाठी खुली झाली.