जखमीच्या दाव्याची कुळकथा

भारतीय उत्तराधिकार कायदा (१९२५) म्हणजे मृत्युपत्रं आणि वारसांचा कायदा. त्याच्या कलम ३०६ खाली मात्र उदाहरण दिलंय रेल्वेच्या टकरीचं. कर्मचाऱ्याच्या हयगयीनं अपघात होतो, प्रवासी गंभीर जखमी होतो, पण त्या जखमेनं मरत नाही. पुढे दावा न लावताच तो वारतो. निकाल असा की दाव्याचा हक्क त्याच्याबरोबरच संपला. वारसांच्या कायद्यात ही टक्कर कुठून आली, याचा माग काढत गेलं की आजच्या मोटार अपघात भरपाईचं घराणं सापडतं.

मूळ पुरुष आहे एक लॅटिन वचन : ‘आक्तिओ पर्सोनालिस मोरितुर कुम पर्सोना’, व्यक्तिगत दावा व्यक्तीबरोबर मरतो. थाट रोमन, पण रोमन कायद्याचा नियम वेगळा होता. तिथं ‘पीनालिस’, म्हणजे शिक्षेच्या स्वरूपाचा दावा अपराध्याच्या वारसांवर चालत नसे. मेलेल्याला शिक्षा कशी करणार, हे पटण्यासारखं आहे. काही अभ्यासकांच्या मते मध्ययुगात ‘पीनालिस’चं ‘पर्सोनालिस’ झालं आणि अपराध्यासाठीचा नियम जखमी माणसाच्याही डोक्यावर बसला. दुसरा पक्ष म्हणतो, शब्दाचा काही संबंध नाही. इंग्लंडमध्ये मारहाणीचा दिवाणी दावा फौजदारी फिर्यादीच्या पोटातून जन्मला आणि ती फिर्याद ज्याची त्यानंच करायची असे.

मला दुसरा पक्ष अधिक बळकट वाटतो. नकलनविसाच्या चुकीवर कोर्टं शतकानुशतकं चालत नाहीत. पण पहिला पक्षही सोडवत नाही, कारण रोमन कायद्यात जखमीच्या बाजूचे बहुतेक दावे वारसांकडे जात. इंग्लंडमध्ये ते तुटले. नियम तिथल्याच मातीतला असावा आणि लॅटिन वचनानं त्याला प्रतिष्ठा दिली असावी, असं माझं मत.

या विचाराचा कडेलोट १८०८ मध्ये झाला. घोडागाडीच्या टपावर बसलेलं जोडपं गाडी उलटून पडलं. महिनाभरानं बायको गेली. नवऱ्याला स्वतःच्या जखमांची आणि ती जिवंत असेपर्यंतच्या विरहाची भरपाई मिळाली. मृत्यूबद्दल एक पेनीही नाही. माणसाचं मरण दिवाणी कोर्टात नुकसान ठरत नाही, असं लॉर्ड एलनबरो यांनी सांगितलं. म्हणजे गाडीवाल्याला जखमी माणूस महाग आणि मेलेला स्वस्त!

रेल्वे आली, मृत्यू वाढले आणि १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेनं मृताच्या कुटुंबाला भरपाईचा हक्क दिला. भारतात तसा कायदा आला १८५५ साली. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला. ही जवळीक योगायोगाची नाही, असं मी ठामपणे म्हणतो. विलायतेतले कायदे इथं आणण्याची रीतच होती, हा आक्षेप खरा आहे. पण नेमका हाच कायदा तेव्हा हवासा वाटला, त्यामागे रूळच असणार.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे : १९३९ चा मोटार वाहन कायदा, मग न्यायाधिकरणं, १९८८ चा नवा कायदा. मृताच्या घरच्यांची बाजू सावरत गेली. पण अपघातात जखमी होऊन, वर्षानुवर्षं तारखा करून, शेवटी दुसऱ्याच आजारानं गेलेल्या माणसाच्या वारसांपुढे विमा कंपनीचे वकील तेच कलम ३०६ ठेवत. उच्च न्यायालयांत मतभेद होते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उपचाराचा खर्च, बुडालेलं उत्पन्न असं मालमत्तेचं नुकसान वारसांना मागता येईल असं ठरवलं. वेदनांची भरपाई मात्र माणसाबरोबरच संपली. हा अर्धा न्याय होता.

उरलेलं काम संसदेनं केलं. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १६६(५) १ एप्रिल २०२२ पासून लागू झालं : मृत्यूचा जखमेशी संबंध असो वा नसो, जखमीचा हक्क वारसांकडे जातो. त्याच दुरुस्तीनं अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदतही घातली. म्हणून घरात कुणी जखमी असेल तर इस्पितळाची बिलं आणि पोलिसांची कागदपत्रं सांभाळा, अर्ज लवकर करा. दावा चालू असताना ते माणूस गेलं, तर वारसांनी आपली नावं दाव्यात लावून घ्यावीत. भरपाईवर पाणी सोडू नये.