परदेशी विद्या आणि बेळगावचा रुग्ण

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की आपण १९९१ च्या आर्थिक धोरणापासून सुरुवात करतो. आपल्या भागाचा इतिहास त्याहून जुना आहे. चिकोडी तालुक्यातल्या सदलग्यात १९०६ साली जन्मलेले डॉ. आ. ने. उपाध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकवत आणि प्राकृत ग्रंथ संपादित करीत. कुंदकुंदाचार्यांचा ‘प्रवचनसार’ आमच्या जैन घरांत स्वाध्यायाला असे. उपाध्यांच्या १९३५ च्या आवृत्तीने आणि तिच्या विस्तृत इंग्रजी प्रस्तावनेने तो परदेशी अभ्यासकांच्या टेबलावर गेला. त्यांना त्यासाठी परदेशी पदवी लागली नाही. घरच्या भाषा मात्र पक्क्या लागल्या.

त्या पिढीला कॉलेजासाठी पुणे, कोल्हापूर किंवा धारवाड गाठावे लागे. बेळगावात १९१६ साली सात जणांनी केएलई संस्था काढली. तिचे लिंगराज कॉलेज १९३३ चे, वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चे. भाषेचा वाद बाहेर कितीही तापला, तरी या वर्गांत मराठी आणि कन्नड घरांतली मुले एकाच बाकावर बसली. सीमाप्रश्नाच्या भाषणांत हे आपण क्वचितच सांगतो.

पुढे पैशाचे वजन वाढले. कर्नाटक सरकारला १९८४ साली कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या करारात शिक्षण हे बँक-विम्याप्रमाणे ‘सेवा’ म्हणून मोजले जाऊ लागले. आणि २०१० मध्ये युनिव्हर्सिटी सेन्स मलेशिया व केएलई यांच्या करारातून मलेशियाची मुले वैद्यक शिकायला बेळगावात आली. पदवी मलेशियाची, रुग्ण आपले.

माझी होमिओपॅथीही परदेशीच. हानेमान यांचा ‘ऑर्गेनॉन’ १८१० साली जर्मनीत निघाला. रुग्णाची हकिकत त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, असा त्यात आग्रह आहे. निपाणीच्या तंबाखू वखारीतली बाई ‘कसनुसं होतंय’ म्हणते, ‘जीव घाबरा होतोय’ म्हणते, ‘पोटात कालवतंय’ म्हणते. ही तीन निरनिराळी दुखणी आहेत. केसपेपरवर ती एका इंग्रजी शब्दात उरकली, की औषधाची दिशाच बदलते.

मलेशियाच्या मुलाला हे शब्द परके वाटणारच. त्यात त्याचा दोष नाही. मला काळजी आपल्या नातवंडांची आहे. पहिलीपासून इंग्रजीत शिकलेली ही मुले डॉक्टर होतात, लगेच इंग्लंड-अमेरिकेच्या परीक्षांची तयारी करतात. खुशाल जावे. पण इथे असतानाची चार-पाच वर्षे ती याच वॉर्डांत काढतात, आणि आजीच्या वयाच्या रुग्णाशी बोलायला त्यांना नर्सची मदत घ्यावी लागते.

साहित्य संस्थांनी हे काम अंगावर घ्यावे, असे मला वाटते. दुखण्यांचे बोलीतले शब्द गोळा करून वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आठवड्याला एक वर्ग चालवता येईल. कन्नड मंडळींनाही बोलवावे. वॉर्डात दोन्ही भाषांचे रुग्ण शेजारशेजारच्या खाटांवरच असतात.