अण्णांचा दोर

धूपखेड्याच्या चांद पाटलांचं वऱ्हाड शिर्डीत आलं, म्हाळसापतींच्या खळ्यात वडाखाली बैलगाड्या सुटल्या आणि गाडीतून उतरलेल्या तरुण फकिराला बघून म्हाळसापती म्हणाले, "या साई!" शिर्डीत जन्मलेल्या प्रत्येक पोराच्या कानावर ही गोष्ट पडलेली असते. आमच्या घरी मात्र ती जरा वेगळ्या अंगानं सांगितली जायची, कारण आमचं घर गाडीवाल्यांचं. आजोबा सांगताना बैलांपाशी थांबत. लांबून आलेल्या बैलांना आधी सावली लागते, मग पाणी, मग कडबा. खंडोबाच्या देवळापाशी मोकळी जागा होती म्हणून गाड्या तिथं सुटल्या. आजोबांच्या हिशेबानं शिर्डीचा पहिला गाडीतळ तोच.

आजोबांचा टांगा कोपरगाव स्टेशन ते शिर्डी चालायचा. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ साली सुरू झाली आणि कोपरगावला स्टेशन आलं. गोविंदराव दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, १९१० साली पहिल्यांदा बाबांच्या दर्शनाला आले, तेव्हाही मुंबईकराची वाट हीच होती. गाडीनं कोपरगाव, मग टांग्यानं गोदावरी ओलांडून पलीकडे. साईचरित्रात त्यांनीच लिहून ठेवलंय, की नदीपासून तीन कोसांवर नीमगाव लागतं आणि तिथून शिर्डी दिसू लागते. त्याच पोथीत जामनेरच्या टांग्याची कथा आहे. रामगीरबुवा उदी घेऊन रात्री जळगावला उतरतात, नानासाहेब चांदोरकरांनी पाठवलेला म्हणून एक टांगा समोर येतो, बुवांना जामनेरला पोचवतो आणि पहाटे घोड्यासकट दिसेनासा होतो. चांदोरकरांनी टांगा पाठवलेलाच नव्हता. आजोबा ही कथा डोळे मिटून ऐकत. त्यांच्या धंद्यावर देवाचा हात आहे, याचा तो त्यांना पुरावा वाटे.

नदी उतरल्यावर पुढं सगळी काळी माती. उन्हाळ्यात तिला हात हात भेगा पडतात. पावसात तीच माती चाकाला अशी चिकटते, की आरे दिसत नाहीत, चाकाचं जातं होऊन बसतं. पहिल्या पावसात आजोबा लगाम सैल सोडत. घोडा मान खाली घालून एकेक पाय टाकी, खूर दाबून बघी, जमीन बसली तर पाय काढून दुसरीकडे टाकी. आजोबा म्हणत, "त्याच्या चार पायांना चार अकला आहेत, आपण मधे पडायचं नाही." हे वाक्य पुढं कामाला येणार आहे म्हणून इथं लिहून ठेवतो.

टांग्यानंतर घरात जीप आली. मधल्या काळात जगात एक महायुद्ध होऊन गेलं होतं आणि त्या युद्धानं ही गाडी जन्माला घातली होती. विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीप बांधल्या. साठ अश्वशक्तीचं इंजिन, चारही चाकांना जोर. महिंद्र बंधूंनी १९४५ साली मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, पुढे तिथले गव्हर्नर जनरल झाले. इकडे कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं आणि मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू झाली.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिली जीप नगरच्या लिलावातून आणली. नगर हे लष्कराचं गाव. रणगाडा दलाचं केंद्र तिथं, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई तिथं. लष्करातून निवृत्त झालेली गाडी आमच्याकडे दुसरा जन्म घेई. अण्णांनी मागचा सांगाडा वाढवला, दोन बाजूंना समोरासमोर बाकडी टाकली, वर ताडपत्री ओढली. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन दांडे होते, त्यातला एक ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळे. त्याला आम्ही 'फोर व्हील लावणं' म्हणतो, आजही. ट्रान्सफर केस हा शब्द मी मिस्त्रीकडून फार नंतर ऐकला.

शिर्डी म्हणजे तेव्हा एवढंसं गाव. १९७७ साल आलं आणि चित्र पालटलं. त्या एका वर्षात मनोजकुमारचा 'शिर्डी के साईबाबा' लागला आणि 'अमर अकबर अँथनी'मधलं साईबाबांचं गाणं गावोगाव वाजलं. अण्णा सांगतात, त्यानंतर कोपरगावला उतरणाऱ्या माणसांची भाषा कळेनाशी झाली. आंध्रातून, गुजरातेतून, मद्रासेकडून लोक येऊ लागले. एसटी होतीच. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी सुटली ती पुणे-नगर मार्गावरच. पण एसटी वेळेवर सुटते आणि भाविक आपल्या वेळेला निघतो. दर्शन झालं की त्याला शनिशिंगणापूर हवं, त्र्यंबकेश्वर हवं, आणि नऊ माणसांचं कुटुंब एका गाडीत हवं. ती जागा जीपनं भरली.

माणसाला दोनदा सांगूनही पटत नाही अशी ही गोष्ट आहे. रणांगणावर, जिथं रस्ता नाही तिथं जायला बनवलेली गाडी आमच्याकडे देवदर्शनाची गाडी झाली. कारण सोपं होतं. आमचे रस्ते रणांगणासारखेच होते. खड्ड्यात पाटे तुटत नसत, तुटले तर कुठलाही लोहार सांधून देई. महिंद्रनं पुढं नाशकात कारखाना काढला, प्यूजोच्या परवान्याचं डिझेल इंजिन इगतपुरीत बनू लागलं, कमांडर आली, मार्शल आली. आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर गाडी बनायची आणि तिचा सुटा भाग त्याच दिवशी संध्याकाळी हातात पडायचा.

मी स्टिअरिंगवर बसलो तो ट्रॅक्सच्या. ती बजाज टेम्पोची. त्या कंपनीचे संस्थापक नवलमल फिरोदिया आमच्या नगर जिल्ह्याचे, त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. १९५८ साली बजाज टेम्पोनं तीनचाकी टेम्पोपासून सुरुवात केली. नंतर मर्सिडीजकडून ओएम ६१६ हे डिझेल इंजिन घेतलं आणि तेच ट्रॅक्सच्या पोटात बसलं. आवाज असा, की मागच्या माणसाला हाक मारायची तर ओरडावं लागे. पण ते इंजिन थकत नसे. आज त्याच घराण्याची गुरखा गाडी आहे, तिचे पुढचे-मागचे दोन्ही ॲक्सल लॉक होतात. चिखलात आजच्या घडीला मी डोळे झाकून भरवसा टाकीन तो तिच्यावर.

आता चिखलाचंच सांगतो. वर्ष आठवत नाही, आषाढ होता. सुरतेचं एक कुटुंब घेऊन मी भंडारदऱ्याहून रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळाकडे निघालो होतो. धरणाच्या काठानं जाणारा रस्ता तेव्हा कच्चा. एका वळणावर समोरून बैल आले, मी गाडी कडेला घेतली आणि डावी चाकं बसली. चूक माझी. मागचं चाक जागेवर फिरू लागलं. उजवं चाक खडकावर घट्ट उभं होतं, पण गती सगळी डाव्याला जात होती, कारण साध्या डिफरन्शिअलचा स्वभावच तो, ज्याला अडवणारं काही नाही त्यालाच तो सगळं देतो. मी गोणपाट टाकलं, दगड सारले, चाकाखाली करवंदीच्या फांद्या घातल्या. चाकानं गोणपाट गिळलं. शेवटी आदिवासी पाड्यावरचे पाच जण आले आणि सीटखालचा अण्णांचा दोर निघाला. घायपाताचा, मनगटाएवढा जाड, टोकाला लोखंडी कडी. सहा माणसांनी ओढून गाडी काढली. सुरतेच्या आजी तोवर दगडावर बसून साईनाम घेत होत्या.

हा सगळा पाढा वाचायचं कारण, माझा मुलगा आता विजेवरची गाडी घ्यायची म्हणतो. वर्षभर घरात दुसरा विषय नाही.

विजेनं गाडी चालते याचं आम्हाला नवल नाही. १ जून २०२२ ला एसटीची विजेवरची शिवाई सुटली, तीही पुणे-नगर मार्गावरच. रस्तेही ते राहिले नाहीत. कोपरगावचं स्टेशन मागं पडलं, २००९ ला साईनगर शिर्डी स्टेशन आलं, २०१७ ला काकडीला विमानतळ झाला, ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा उघडला. पण गाडी घ्यायची ती समृद्धीवर पळते की नाही यावरून ठरत नाही, तिथं सगळ्याच पळतात. ती रतनवाडीच्या वळणावर काय करील, हा आमच्या घराचा प्रश्न आहे.

चाकणला बनणाऱ्या महिंद्रच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई नोव्हेंबर २०२४ मध्ये आल्या. देखण्या आहेत, दमदार आहेत. पण मोटर एकच, मागच्या चाकांना. नोव्हेंबर २०२५ मध्ये सात माणसांची एक्सईव्ही ९एस आली, माणसं मोजली तर ती आमच्या कामाची, जोर मात्र तिथंही मागच्याच चाकांना. टाटांची हॅरिअर ईव्ही जून २०२५ मध्ये आली. तिच्या वरच्या मॉडेलला पुढं एक आणि मागं एक अशा दोन मोटरी आहेत, पाचशे न्यूटन-मीटरवर जोर. मधला लोखंडी दांडा नाही, ट्रान्सफर केस नाही, ओढायचा दांडा नाही. चाक घसरलं की गाडी स्वतःच ओळखते आणि दुसरीकडे जोर वळवते. इंजिनाला जोर धरायला वेग लागतो, मोटर उभ्या जागेवरून पूर्ण जोर देते. रुतलेल्या गाडीला नेमकं हेच लागतं.

ज्या थारची पोरं वाट बघताहेत, तिचा विजेवरचा नमुना महिंद्रनं १५ ऑगस्ट २०२३ ला केपटाउनला दाखवला आणि २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी मुंबईत व्हिजन टी नावाचा पुढचा नमुना आणला. परदेशात जीपनंच रेकॉन नावाची विजेची गाडी मांडलीय. फोक्सवॅगन स्काउटचं नाव पुन्हा जिवंत करतेय. स्काउट मूळची इंटरनॅशनल हार्वेस्टरची, म्हणजे १९६३ पासून महिंद्रनं ज्यांच्याशी भागीदारी करून बी-२७५ ट्रॅक्टर आणला तेच हे लोक. आमच्या उसाच्या पट्ट्यात त्या ट्रॅक्टरला इंटरनॅशनलच म्हणत. जुन्या घराण्यांकडे ही एक गोष्ट असते, त्यांची गाडी कुठं तुटते हे त्यांना पन्नास वर्षं शेतकऱ्यानं सांगितलेलं असतं.

रिव्हियनसारख्या नव्या मंडळींकडे ती पुंजी नाही, पण त्यांच्यावर जुन्याचं ओझंही नाही. त्यांनी आर१एसला चार चाकांना चार मोटरी दिल्या. मर्सिडीजनंही विजेच्या जी क्लासला चार दिल्या. ती गाडी एका बाजूची चाकं पुढं, दुसऱ्या बाजूची मागं फिरवून जागच्या जागी गिरकी घेते. मुलानं मोबाइलवर दाखवलं तेव्हा अण्णा म्हणाले, "हे तर रणगाडा करतो." खरंच आहे. नगरकरांना ते सांगावं लागत नाही. चार चाकं, चार मोटरी, प्रत्येकीला आपली जमीन वेगळी कळते. मला आजोबांचा घोडा आठवला.

माझी शंका वजनाची आहे. बॅटरी तळाशी असते, त्यामुळे गाडी सहजी कलंडत नाही हे बरं. घाट उतरताना तीच मोटर गाडी धरते आणि वीज परत साठवते, भाविकांनी भरलेली गाडी कसारा उतरवताना ब्रेक तापण्याची धास्ती ज्यानं घेतलीय त्याला याची किंमत कळेल. पण काळ्या मातीला जोर कळत नाही, भार कळतो. दोन टनांच्या वरची गाडी एकदा पोटावर बसली, तर चारही मोटरी नुसती माती उडवतील. जुनी गाडी हलकी होती म्हणून सहा माणसांनी निघाली. म्हणून मी मुलाला म्हणालो, सात सीट मागं राहू दे, आधी दोन मोटरींची बघू. भंडारदऱ्याच्या वाटेवर राजूरच्या पुढं वीज जाते-येते, तेव्हा निघताना शिर्डीतूनच पूर्ण भरून निघायचं.

आणि आणखी एक. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला गर्दी होते. तिथं दिवे लावून गवतात गाड्या घालणारे मी बघतो तेव्हा जीव तुटतो. काजव्याचं आयुष्य त्याच गवतात असतं. आम्ही गाडी रस्त्याबाहेर घातली ती रस्ता नव्हता म्हणून. रस्ता असताना गवत तुडवायला फोर व्हील लागत नाही, हे मी मुलाला निक्षून सांगितलंय.

परवा चाचणीसाठी दोन मोटरींची गाडी दारात आली. अण्णांचं वय चौऱ्याऐंशी. ते पुढं बसले, आम्ही गोदावरीच्या काठानं मळ्यातल्या पाणंदीनं एक फेरी मारली. पाटाच्या पाण्यानं झालेल्या राड्यात मुलानं मुद्दाम गाडी थांबवली, मग हलकेच पाय दिला. चाकं एकदा थरथरली आणि गाडी बाहेर आली. आवाज फक्त चिखलाचा. अण्णा काही बोलले नाहीत. घरी उतरल्यावर गाडीला एक वळसा घालून पुढं वाकले आणि विचारलं, "कडी कुठंय हिला?"

मुलानं बंपरवरचं लहान झाकण काढलं, डिकीतला हुक आणून आट्यांवर फिरवून घट्ट बसवला. अण्णांनी हुक हातानं दोनदा ओढून पाहिला. मग मला म्हणाले, "माळ्यावरचा दोर काढून ठेव."