घोड्यांना वळसा घालून गेलेला माणूस

अंबाल्याचा हिवाळा म्हणजे धुकं. संध्याकाळी सातनंतर बाहेर करण्यासारखं फारसं काही नसतं, त्यामुळे गेला महिनाभर जुन्या अमेरिकन विज्ञानकथा वाचतोय. एच. बीम पायपर या लेखकाचा ‘पॅराटाइम’ नावाचा संग्रह आहे, १९८१ सालचा. पायपर जाऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती. कथा त्याहून जुन्या, मुळात ‘पल्प’ मासिकांतल्या. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त, खरखरीत कागद, म्हणून नाव पल्प. भडक मुखपृष्ठ, लेखकाला शब्दाला एखाद-दुसरा सेंट. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा जशा हातोहात खपायच्या, तसाच हा मामला. पायपर स्वतः आल्टूनाच्या रेल्वे यार्डात रात्रपहाऱ्याचं काम करायचा. रात्री दोन ते चारची गार्ड ड्यूटी ज्याने केली आहे, त्याला असल्या कल्पना कुठून सुचतात ते वेगळं सांगायला नको.

कल्पना अशी, की इतिहासाला जिथे जिथे फाटा फुटू शकला असता, तिथे तो खरंच फुटला आहे आणि ती सगळी जगं शेजारी शेजारी नांदताहेत. जून १९३४च्या ‘अस्टाउंडिंग स्टोरीज’मध्ये मरे लाइन्स्टरची ‘साइडवाइज इन टाइम’ आली, तिथून या प्रकाराला खरा जोर आला. तिच्यात जगांची सरमिसळ होते आणि अमेरिकेत एकीकडे रोमन सैनिक, दुसरीकडे यादवी युद्ध जिंकलेल्या दक्षिणेचे लोक उगवतात. ह्यू एव्हरेटने भौतिकशास्त्रात ‘अनेक विश्वां’ची मांडणी केली ती १९५७ साली, म्हणजे मासिकवाले तेवीस वर्षं पुढे होते. कथा म्हणून लाइन्स्टरची गोष्ट मला बेताचीच वाटली. जत्रा आहे नुसती.

पायपरची १९४८ सालची ‘ही वॉक्ड अराउंड द हॉर्सेस’ मात्र दोनदा वाचली. तिचा नायक खरा आहे. बेंजामिन बॅथर्स्ट, पंचवीस वर्षांचा ब्रिटिश वकील. नेपोलियनच्या धामधुमीत व्हिएन्नाहून गुपचूप परतत असताना २५ नोव्हेंबर १८०९ला प्रशियातल्या पर्लेबर्ग गावी घोडे बदलायला थांबला आणि तिथून नाहीसा झाला. पुढे त्याचा कोट सापडला, विजार सापडली. तो मात्र नाही. पायपर म्हणतो, घोड्यांना वळसा घालून तो दुसऱ्या जगात गेला, जिथे अमेरिकन आणि फ्रेंच दोन्ही क्रांत्या फसल्या होत्या. गोष्ट सगळी सरकारी पत्रांतून सांगितली आहे. हा वेडा कोण, याच्याकडची कागदपत्रं इतकी अस्सल कशी, अशी वर-खाली धाडलेली पत्रं. ज्याने फौजेत ऑफिसचं काम केलंय, त्याला ती भाषा वाचून हसू येईल. शेवटचं पत्र सर आर्थर वेलस्लीचं. या कागदांत सारखा येणारा वेलिंग्टन म्हणजे कोण बुवा, असं त्याला पडलेलं कोडं. नेपोलियनशी युद्धच नाही, म्हणून वेलिंग्टन ही पदवी नाही. हाच वेलस्ली १८०३ साली असईला शिंदे-भोसल्यांवर चालून आला होता, म्हणून आपल्याला तो जरा जास्तच ओळखीचा.

इथे प्रत्येक मराठी वाचकाला पानिपत आठवणार. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासरावांना गोळी लागत नाही आणि मराठे जिंकतात. कथा सुंदर आहे, पण फौजी म्हणून मला फाटा तिथे दिसत नाही. १७ ऑक्टोबर १७६०ला भाऊंनी कुंजपुरा घेतला. त्याच महिन्याच्या शेवटी अब्दालीने बागपतला यमुना ओलांडली आणि तो भाऊ नि दिल्ली यांच्या मध्ये आला. डिसेंबरात रसद तोडायला निघालेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले. पुढे छावणीत माणसं आणि जनावरं उपाशी. १४ जानेवारी १७६१ला जी फौज बाहेर पडली, ती उपाशीपोटी लढायला पडली होती. त्या दिवशी गोळी हुकली असती, तरी पोटातली भूक गेली नसती. माझ्या मते फाटा बागपतच्या उतारावर आहे. तिथे पहारा बसला असता तर वेगळी गोष्ट. पण नदीच्या उतारावरच्या पहाऱ्यावर कथा कोण लिहिणार? गोळी कशी, एका क्षणात काम करते.

तर, बॅथर्स्टकडे परत. त्याची बायको फिलिडा दुसऱ्या वर्षी त्याला शोधायला युरोपात गेली. लढाई चालू, शत्रूचा मुलूख. थेट नेपोलियनकडून परवाना मिळवून ती गावोगाव हिंडली. हाती काही लागलं नाही. पायपरच्या कथेत ही बाई नाही, आणि मला तिथेच कथा उणी वाटते.

कारण आपल्याकडे पार्वतीबाई आहेत. भाऊंच्या पत्नी, पानिपतच्या मोहिमेत बरोबर होत्या आणि त्या पळापळीतून जिवंत परतल्या. रणावर एक मुंडकं नसलेलं धड भाऊंचं म्हणून ओळखलं गेलं, त्याला अग्नीही दिला गेला. पार्वतीबाईंनी ते मानलं नाही. कुंकू पुसलं नाही. मग सुखनिधान नावाचा तोतया भाऊ म्हणून उभा राहिला, धरला गेला, रत्नागिरीच्या किल्ल्यातून सुटला, आणि काही काळ अर्ध्या कोकणात त्याचा अंमल चालला. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं. १७७६च्या अखेरीस पुण्यात त्याला देहान्त शासन झालं. इतकी माणसं त्याच्यामागे का गेली? काहींचा स्वार्थ होता, कबूल. पण भाऊ जिवंत आहेत असं जग अनेकांना हवं होतं, आणि पंधरा वर्षं ते आपल्या जगाला लागूनच होतं.

आमच्या कागदांत ‘मिसिंग’ हा वेगळा रकाना असतो. शहीद नाही, जखमी नाही, कैदी नाही. १९७१च्या लढाईतल्या बेपत्ता चोपन्न जणांची यादी अजूनही तशीच आहे. ते पाकिस्तानच्या कैदेत असल्याचं आपण म्हणत आलो, पाकिस्तान नाही म्हणत आला. सात वर्षं खबर नसली तर माणूस मेला असं धरायची मुभा कायद्याने दिली आहे. जमीन, बँकेचं खातं यासाठी ते लागतंच. पण चोपन्नांपैकी काहींच्या घरच्यांनी ते मनाने कधीच धरलं नाही. २००७ साली काही नातेवाईक स्वतः पाकिस्तानातले तुरुंग बघून आले. फिलिडासारखेच, परवाना घेऊन, आणि तसेच रिकाम्या हाताने.

पार्वतीबाई १७८३ साली गेल्या. तोवर बावीस वर्षं त्यांनी सौभाग्यलेणी उतरवली नव्हती, आणि पेशव्यांच्या घरानेही त्यांना ती उतरवायला लावली नाहीत.