ओळख लपवली म्हणून छापले गेलेले एक कार्ड

अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटात, मिठाईच्या पुड्यात बेसबॉल खेळाडूंची कार्डे घालून माल खपवला जाई. आज ती जुनी कार्डे जमवणाऱ्यांचा मोठा बाजार आहे. होनस वॅगनर या नामवंत खेळाडूचे १९०९-११ च्या तंबाखू मालिकेतले एक कार्ड २०२२ साली ७२ लाख ५० हजार डॉलरना विकले गेले. आम्हाला मात्र बोलायचे आहे ते जिमी क्लॅक्सटन या अनोळखी खेळाडूच्या कार्डाविषयी.

२८ मे १९१६ रोजी क्लॅक्सटन कॅलिफोर्नियातील ओकलंड संघाकडून पिचर म्हणून दोन सामने खेळला. संघात त्याची ओळख अमेरिकन आदिवासी अशी करून दिली होती. आदिवासीला तिथे जागा मिळू शकत होती, कृष्णवर्णीयाला नाही. तसा कायदा नव्हता; गोऱ्या मालकांनी १८८० च्या दशकापासून पाळलेला तो अलिखित नियम होता. अलिखित नियम किती कडक असतो, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

क्लॅक्सटनच्या पूर्वजांत कृष्णवर्णीयही होते. त्याच्या सांगण्यानुसार एका मित्राने हे फोडले आणि काही दिवसांतच त्याला काढून टाकले. पण तेवढ्या दिवसांत 'झी-नट' मिठाईवाल्यांचा छायाचित्रकार येऊन गेला होता. कार्ड छापले गेले. अमेरिकन बेसबॉल कार्डावरचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून आज तोच ओळखला जातो.

त्याच महिन्यात, ९ मे १९१६ रोजी, बाबासाहेबांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवरचा निबंध वाचला होता. परतल्यावर बडोद्यात त्यांना पारशी नाव घेऊन पारशांच्या धर्मशाळेत राहावे लागले आणि जात कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. देश दोन, रीत एकच.

कार्डाचा भाव खेळाडूचे नाव, दुर्मिळता आणि अवस्था पाहून ठरतो. कोपरे झिजलेले नसावेत. झी-नट कार्डाखालचे कुपन शाबूत असेल तर भाव चढतो. सामान्य खेळाडूंची कार्डे 'कॉमन' म्हणून स्वस्तात जातात. क्लॅक्सटनचे कार्ड मात्र दुर्मिळ म्हणून महाग. आमचा प्रश्न असा की, कृष्णवर्णीयांची जुनी कार्डे दुर्मिळ केली कोणी? जोश गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये वारला. जॅकी रॉबिन्सनला मोठ्या लीगचे दार उघडले ते त्यानंतर तीन महिन्यांनी. गिब्सनची आकडेवारी अधिकृत नोंदीत आली २०२४ साली, आणि फलंदाजीच्या सरासरीत तो सर्वांत वर निघाला!

म्हणजे बहिष्कारानेच हा तुटवडा निर्माण केला आणि बाजार त्याच तुटवड्याचे पैसे करतो. कार्ड विकत घेणाऱ्याने तो बहिष्कारही सांगितला पाहिजे. आणि मित्रहो, आपल्या घरातले जुने फोटो, जयंतीची पत्रके, आजोबांची गिरणीतली ओळखपत्रे रद्दीत घालू नका. त्यांना आज भाव नसेल, पण उद्या आपला इतिहास तेवढ्याच कागदांवर उभा राहणार आहे.

जय भीम!